दगड होता तसा

विज्ञानाशी माझा संबंध अकरावीत सुटला आणि तो एका बेडकामुळं सुटला. प्रयोगशाळेत आम्हा प्रत्येकासमोर मेणाच्या थाळीत एकेक बेडूक उताणा घालून टाचण्यांनी अडकवलेला होता. सर म्हणाले, ‘‘आता कात्री घ्या.’’ मी कात्री घेतली आणि परत ठेवून दिली. ते वर्ष कसंबसं काढलं, मग कला शाखेला गेलो आणि बी. ए. झालो. घरच्यांना वाटलं, पोरगं भित्रं आहे. खरं कारण फक्त दादीला ठाऊक होतं, कारण ते तिनंच माझ्या मनात पेरलं होतं.

दादी एक गोष्ट सांगायची. नमरूद बादशहानं हजरत इब्राहिम यांना आगीत टाकलं, तेव्हा एक बेडूक तोंडात पाणी भरून आणायचा आणि त्या आगीवर टाकायचा. बेडकाच्या तोंडातलं पाणी ते केवढं! पण तो आणत राहिला. आणि पाल? पाल लांब बसून आगीला फुंकर घालत होती. ‘‘मेंडक को हात नही लगाने का, और पाल दिसी तो छोडने का नही,’’ असं दादी आमच्या दखनीत बजावायची. त्यामुळं बेडूक मला कापता आला नाही. पालींचं विचाराल, तर लहानपणी चपलेनं किती मारल्या याचा हिशेब माझ्याकडं नाही. मारायचो आणि शाबासकी घ्यायला दादीकडं धावायचो.

शेजारच्या काकूंकडं पंचांग होतं. त्यात पाल अंगावर कुठं पडली म्हणजे काय फळ मिळतं, याचा तक्ता असायचा. डोक्यावर पडली तर एक, खांद्यावर पडली तर दुसरं. काकू पाल मारायच्या नाहीत, पण अंगावर पडली की आधी अंघोळ करायच्या. सांगायचं म्हणजे, आमच्या अख्ख्या वाड्यात पालीकडं नुसती पाल म्हणून कुणीच बघत नव्हतं. माझ्या आयुष्यातही तसं बघायचा दिवस फार उशिरा आला. तो कसा आला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझ्या एका शाळासोबत्याची मुलगी उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करते. उभयचर म्हणजे बेडूक, भेक आणि देवगांडूळ, तर सरपटणारे म्हणजे पाली, सरडे, सापसुरळ्या, साप. काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात तिचा फोन आला, ‘‘काका, आम्ही चाळकेवाडीच्या सड्यावर चाललोय. आम्ही प्राणी गोळा करू, तुम्ही नावं गोळा करा. गावातली माणसं या प्राण्यांना काय म्हणतात, ते आम्हाला नीट विचारता येत नाही.’’ शब्द गोळा करायला बोलावलं तर कोण कवी नाही म्हणेल? मी वही घेतली, छत्री घेतली आणि निघालो.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरचा रस्ता धरला की धबधब्याच्या पुढं चढ संपतो आणि एकदम सपाट माळ लागतो. हाच सडा. अंगणात शिंपतात तो सडा आणि डोंगरमाथ्यावरचा हा सडा, दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. काळ्या बेसॉल्ट खडकाची लाखो वर्षं झीज होऊन वर जांभ्याचं टोपण तयार झालं. त्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर, काही ठिकाणी तोही नाही. म्हणून इथं झाडं रुजत नाहीत. उन्हाळ्यात हा माळ तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात गवतानं, फुलांनी भरून जातो. पश्चिम घाटाचा जागतिक वारसा म्हणून २०१२ साली गौरव झाला, त्यात समावेश झालेलं कासचं पठार याच जातकुळीचं. कासला लोक फुलं बघायला जातात. पण फुलांच्या खाली, दगडांच्या आड जे राहतं, ते बघायला फारसं कुणी जात नाही.

गाडीतून उतरताच पहिलं काम निघालं बूट घासायचं. ब्रशानं चिखल काढायचा आणि तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायचे. मी म्हटलं, ‘‘मशिदीत किंवा देवळात जाताना पाय धुतात, तसं हे!’’ ती हसली आणि कारण सांगितलं. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी आहे. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणी घेतो. ती कातडीच निकामी झाली की तो मरतो. या रोगामुळं जगभरात बेडकांच्या पाचशेवर जाती घटल्या आणि नव्वद बहुधा कायमच्या संपल्या, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१९ साली मांडला. एका डबक्यातला चिखल दुसऱ्या डबक्यात नेणारा बूटसुद्धा तिथं गुन्हेगार ठरू शकतो.

दुसरा नियम दगडाचा. दगड उचलायचा तो आपल्याकडं कलता करून, म्हणजे खाली साप असलाच तर तो समोर निघून जातो आणि आपले पाय मधे येत नाहीत. बघायचं, टिपायचं आणि मग दगड होता तसाच ठेवायचा. ‘‘तसाच’’ म्हणजे तीच बाजू वर, तीच खाली आणि त्याच खळग्यात. हा नियम तिनं इतक्या वेळा सांगितला की मला जरा राग आला. पण पहिला दगड उचलला तेव्हा कळलं. वर ऊन आणि वारा, खाली मात्र ओल, गारवा, मुंग्यांची अंडी, एक गोम आणि कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेली बोटभर सापसुरळी. दगड बसून बसून जमिनीशी त्याचा असा सांधा जुळलेला असतो की आतली ओल बाहेर जात नाही. तो सांधा एकदा मोडला की खालचं घर सुकून जातं. पर्यटक हौसेनं दगडावर दगड रचून मनोरे उभे करतात. त्यातला प्रत्येक दगड म्हणजे कुणाच्या तरी घराचं उचकटलेलं छप्पर.

रात्री पाऊस आला आणि सडा बोलायला लागला. मला वाटायचं, बेडूक म्हणजे डराव डराव. तिथं कुणी टिकटिकत होतं, कुणी दाताला दात घासल्यासारखं करकरत होतं, कुणी काचेच्या गोट्या आपटाव्यात तसं. डोक्याला विजेऱ्या बांधून आम्ही चिखलात ओणवे. कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता आणि त्या ओल्या कातळाला बेडकांची पिल्लं चिकटून होती. पाण्यात पोहायचं सोडून खडकावर सरपटत वाढणारी! दुसरी एक जात झुडपातली. तिच्या अंड्यातून शेपटीचं पिल्लू निघतच नाही, तांदळाएवढा तयार बेडूकच बाहेर येतो. शाळेत बेडकाच्या आयुष्याची जी गोल आकृती मी घोकली होती, ती त्या रात्री मोडली.

सकाळी उघडीप मिळाली. मी वही घेऊन गुरांमागच्या एका म्हाताऱ्या बाबांना गाठलं.

‘‘काय हुडकताय पावणं?’’

‘‘सरडे, बेडूक, पाली.’’

‘‘आन् त्येंचं करायचं काय?’’

‘‘नावं लिहून घ्यायचीत, बाबा. याला काय म्हणता तुम्ही?’’ मी एक फोटो दाखवला.

‘‘सरडा.’’

‘‘आणि हा, निळ्या गळ्याचा?’’

‘‘त्यो बी सरडाच की.’’

माझी वही कोरीच राहणार असं दिसायला लागलं. तेवढ्यात त्या मुलीनं मला खूण केली. वीसेक पावलांवर एका दगडाच्या टोकावर तो बसला होता. मातकट, वीतभरही नाही, कुणाचं लक्ष जाऊ नये असा. आणि एकाएकी त्यानं मान वर केली आणि गळ्याखालून एक पंखा उघडला. गडद निळा, मधे काळा, मागं नारिंगी. मिटला, परत उघडला. माझ्या तोंडून ‘वाह’ निघून गेलं, मुशायऱ्यात निघतं तसं. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला बजावायला हा पंखा असतो. आपली मैफल आटोपून तो गवतात दिसेनासा झाला.

‘‘काका, बाबांचं उत्तर लिहून घ्या,’’ ती म्हणाली, ‘‘शास्त्रज्ञांनीही तेच नाव ठेवलंय.’’ मला वाटलं, थट्टा करतेय. पण खरंच, २०१६ साली या सरड्यांचा अभ्यास करून त्यांचं वेगळं कूळ मांडलं गेलं, तेव्हा त्या कुळाला नाव दिलं ‘सरडा’. आपला मराठी शब्द, रोमन लिपीत, लॅटिन व्याकरणाच्या पंगतीत. चाळकेवाडीच्या सड्यावरच्या या जातीचं पूर्ण नाव ‘सरडा सुपर्बा’. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना? हा सरडा जगभरच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसला आणि बाबांचा शब्द बरोबर घेऊन गेला. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याचा किती आनंद झाला, ते सांगायला नको.

बाबा आमच्याबरोबरच बसले. माथ्यावर पवनचक्क्यांची पाती घुं घुं फिरत होती. बाबा म्हणाले, ‘‘पयलं कोंबडीची पिल्लं राखाय लागायची. घार कवा झडप घालंल नेम न्हवता. आता तेवढी येत न्हाई.’’ त्या मुलीनं मान हलवली. याच सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्याबरोबर अभ्यास केला होता. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. खाणारा कमी झाला म्हणून सरडे वाढले. इथवर कुणाला वाटेल, चांगलंच झालं. पण गर्दीत खाणं पुरेना, सरडे रोडावले. त्यांची भीती कमी झाली, माणूस पार जवळ गेला तरी ते पळेनात. आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. पवनचक्क्या वाईट, असं मी म्हणणार नाही. या भाषणाला लागणारी वीज कुठून तरी येतेच. पण आभाळातली घार कमी झाली तर खाली गवतातल्या सरड्याचा निळा रंग उतरतो, हे कळल्यावर पुढचा अर्धा तास मला कुणाशी बोलवलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी एक दगड उचलला. एव्हाना मला ते जमायला लागलं होतं. खाली पाल होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. मातीच्या रंगाची, पाठीवर फिकट ठिपके. मी हाक मारली. ती मुलगी आली, तिनं अलगद पाल ओंजळीत घेतली आणि भिंगातून बघायला लागली. मलाही दाखवली. घरातल्या पालीच्या डोळ्यात उभी चीर असते, हिची बाहुली मात्र गोल होती, आपल्यासारखी. दिवसा वावरणारी पाल ही. इतकी वर्षं इतक्या पाली मारल्या, पण पालीच्या डोळ्यात मी पहिल्यांदाच बघत होतो.

‘‘काका, ही जरा वेगळी वाटतेय. ही ठेवावी लागेल.’’

‘ठेवावी लागेल’ म्हणजे काय, ते मला आधी कळलं नाही. मग कळलं.

एरवी ते लोक प्राणी पकडून मोजमाप घेतात, फोटो काढतात आणि जिथला तिथं सोडून देतात. त्या दोन दिवसांत पकडलेले बाकी सगळे असेच परत गेले. पण एखादा प्राणी नेमका कोण, याचा निवाडा करायचा तर नमुना लागतो. वन खात्याच्या लेखी परवानगीनं, परवानगीत असतील तेवढेच नमुने घेता येतात. नव्या जातीला नाव द्यायचं, तर त्या नावामागं एक प्रत्यक्ष शरीर कायमचं जपून ठेवावं लागतं. पुढं कधी शंका आली तर कुणीही येऊन ते बघावं. मला ते ऐकून चमत्कारिक वाटलं. मी आयुष्यभर वस्तूंना नावं देत आलो, आणि त्यासाठी मला कधी काही मोजावं लागलं नाही.

संध्याकाळी गावातल्या खोलीत कंदील लावून ती कामाला बसली. आधी भुलीचं औषध. पाल हळूहळू सैल पडली. मग तपासणीसाठी शरीराचा एक बारीक तुकडा वेगळ्या कुपीत, मग मागच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी, मग फॉर्मॅलिन. मी दाराशी उभा होतो. अकरावीतला मी पळून गेलो होतो, या वेळी गेलो नाही. दगड मी उचलला होता. मी पुढचा दगड उचलला असता तर ही पाल अजून सड्यावर असती. दादीच्या हिशेबानं मला पुण्य लागायला हवं होतं. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकत होती. मी विचारलं, ‘‘तुला काही वाटत नाही?’’

ती मान वर न करता म्हणाली, ‘‘दर वेळी वाटतं. ज्या दिवशी वाटायचं थांबेल, त्या दिवशी मी हे काम सोडावं.’’ तिच्या हाताला मात्र कंप नव्हता.

मग तिनं मला सी. आर. नारायण रावांची हकिगत सांगितली. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले हे प्राणिशास्त्रज्ञ. १९३७ साली त्यांनी पश्चिम घाटातल्या बेडकांच्या अनेक नव्या जाती नोंदवल्या. पुढं त्यांच्या संग्रहातले नमुने हरवले. नावं राहिली, शरीरं गेली. मग रावांनी पाहिलेला तो बेडूक नेमका कोणता, हे शोधता शोधता पुढच्या पिढ्या थकल्या. त्यांच्या कामाची आठवण म्हणून २०१० साली झुडपी बेडकांच्या एका कुळाला ‘रावऑर्केस्टिस’ असं नाव दिलं गेलं. आदल्या रात्री ऐकलेला, अंड्यातून तयार निघणारा तो तांदळाएवढा बेडूक याच कुळातला. ‘‘नाव आहे आणि माणूस सापडत नाही, असं झालं की किती त्रास होतो, ते तुम्हाला कवींना ठाऊक असेल,’’ ती म्हणाली. जुन्या हस्तलिखितांतल्या कितीतरी कवींची मला आठवण झाली.

सहा-सात महिन्यांनी तिचा फोन आला. तपासणी झाली होती. ती पाल नव्या जातीची नव्हती. आधीच नाव मिळालेल्या जातीचीच होती.

मी गप्प बसलो. मग म्हटलं, ‘‘म्हणजे फुकट गेली?’’

‘‘नाही काका. ती चाळकेवाडीला होती, अमुक तारखेला, अमुक दगडाखाली, ही नोंद झाली. नमुना संग्रहालयात क्रमांकासह राहील. पन्नास वर्षांनी तिथं सडा असेल की हॉटेलं असतील, कुणाला माहीत? हॉटेलं असली तर कुणी म्हणू नये की इथं मुळात काही नव्हतंच.’’

हे उत्तर मला पुरेसं वाटलं का? खरं सांगतो, अजून पुरतं वाटलेलं नाही. पण दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली. त्याच सड्यावर जेसीबीनं एका दुपारात रस्त्यासाठी माती ओढली, तेव्हा त्याखाली किती पाली, किती देवगांडुळं गेली, त्याची चिठ्ठी कुणी कुणाच्या पायाला बांधली? उभयचरांच्या दर पाच जातींपैकी दोन आज धोक्यात आहेत, असं २०२३ साली जगभरच्या पाहणीतून पुढं आलं. त्या कुणा अभ्यासकाच्या बाटलीत जाऊन संपत नाहीत. रान तुटतं, पाणी आटतं, हवामान बदलतं, रोग पसरतो आणि त्या संपतात. त्यातल्या कितीतरी नाव मिळायच्या आधीच जातात. एका पालीसाठी माझा जीव तुटला, ते बरंच झालं. पण ज्यांना मी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी तो कधीच का तुटला नाही, हा प्रश्न त्या पालीनं माझ्यासाठी मागं ठेवला.

माझी ऐकणाऱ्यांना एकच विनंती आहे. हे ऐकून हौसेनं सड्यावर दगड उचलायला जाऊ नका. ते शिकलेल्या आणि परवानगी असलेल्या माणसांचं काम आहे. आपण कडेकडेनं चालावं, गाडी माळावर घालू नये, दगड रचू नयेत. एवढं पुष्कळ झालं. निघायच्या दिवशी आम्ही शेवटचा दगड ठेवत होतो. समोर जेसीबी चालू होता. मी म्हटलं, ‘‘अगं, तिकडं एवढं चाललंय आणि तू एक दगड नीट बसला की नाही बघतेस!’’ ती काही बोलली नाही. गुडघे टेकून तिनं दगड थोडा डावीकडं सरकवला, तो जागेवर बसला, मग उठली. मला एकदम दादीचा बेडूक आठवला. तोंडात मावेल तेवढंच पाणी आणणारा.

हल्ली आमच्या ट्यूबलाइटमागं एक पाल मुक्कामाला आहे. माझी चप्पल दाराशीच असते. नात रात्री गोष्ट मागते, मी तिला इब्राहिमची गोष्ट सांगतो. बेडकाचं पाणी आणणं तिला फार आवडतं. पालीचा भाग आला की मी थांबतो. दादीचं बोलणं खोटं पाडवत नाही आणि तसंच्या तसं पुढंही देववत नाही. मग मी म्हणतो, ‘‘आता दुसऱ्या पालीची गोष्ट ऐक. तिचा डोळा गोल होता.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)